ब्लूशिफ्टपासून सौर वाऱ्यापर्यंत: हिनोदेचे अतिनील वर्णपट कोणत्या क्रमाने हाताळावेत

सूर्यावरच्या सक्रिय क्षेत्राच्या, म्हणजे तीव्र चुंबकीय क्षेत्र असलेल्या भागाच्या, कडेला वेगाच्या नकाशात निळा पट्टा (ब्लूशिफ्ट, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या वायूची खूण) दिसला, की 'सौर वाऱ्याचा उगम सापडला' असं लिहून मोकळं व्हायचं, ही चूक विद्यार्थ्यांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा दिसते. (सौर वारा म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह.) गाउसियन नीट बसवलेला असतो, आलेखही देखणे असतात, पण पायऱ्या उलटसुलट झालेल्या असतात. तरंगलांबीची दुरुस्ती व्हायच्या आधीच पिक्सेलांची बेरीज झालेली असते. घनता हाती नसताना मूलद्रव्यांचं प्रमाण काढलेलं असतं. आणि त्या जागेवरच्या चुंबकीय क्षेत्ररेषा खुल्या (अवकाशात निघून जाणाऱ्या) आहेत की बंद (पुन्हा सूर्यावर परतणाऱ्या), हे कुणी पाहिलेलंच नसतं.

पायथॉन बऱ्यापैकी येणाऱ्या आणि वर्णरेषेला गाउसियन बसवणं माहीत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. उपकरण आहे जपानच्या हिनोदे यानावरचा वर्णपटमापक ईआयएस. तो १७० ते २१० आणि २५० ते २९० अँगस्ट्रॉम या दोन पट्ट्यांत, म्हणजे अतिनीलाच्या टोकाकडच्या भागात, सूर्याचा करोना, म्हणजे त्याचं सगळ्यात बाहेरचं तप्त वातावरण, पाहतो. त्याचा डेटा सगळ्यांना मोफत मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर हाताळता येतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. अतिनील म्हटलं की आपल्याकडे आदित्य-एल१ आठवतं. पुण्याच्या आयुकाने घडवलेली 'सूट' ही दुर्बीण अतिनीलातच पाहते, पण २००० ते ४००० अँगस्ट्रॉममध्ये, आणि फिल्टर लावून प्रतिमा घेते. तिच्यात मुख्यतः फोटोस्फिअर (सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग) आणि क्रोमोस्फिअर (त्यावरचा थर) दिसतात. करोनाच्या वर्णरेषा तिथे शोधू नका. आदित्यवरचं व्हीईएलसी करोनाचा वर्णपट घेतं, पण दृश्य आणि अवरक्त प्रकाशात. या लेखात आदित्य उपयोगी पडतं ते थेट शेवटच्या टप्प्यात.

## १. तयारी: आधी प्रश्न, मग रेषा

प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. 'सक्रिय क्षेत्राचा अभ्यास' हा प्रश्न होत नाही. 'सक्रिय क्षेत्र १०९७८च्या कडेने वर जाणाऱ्या वायूतलं सिलिकॉन आणि गंधकाचं प्रमाण चार दिवसांनी पृथ्वीजवळ मोजलेल्या सौर वाऱ्याशी जुळतं का?' हा प्रश्न आहे. डिसेंबर २००७मधलं हे क्षेत्र शिकायला फार चांगलं आहे. ते सूर्यबिंबावरून सरकत असताना ईआयएसने अनेक दिवस त्याचे वर्णपट घेतले, आणि त्यावर इतकं काम झालं आहे की तुमचे आकडे ताडून पाहता येतात. पुढची उदाहरणं याच क्षेत्राभोवती आहेत.

प्रश्न ठरला की रेषा ठरतात. किमान एवढ्या हव्यात:

- वेगासाठी लोह-१२ची १९५.१२ अँगस्ट्रॉमची रेषा, रुंदीसाठी त्याच आयनाची १९२.३९.
- थंड वायूसाठी लोह-८ची १८५.२१ (सुमारे ५ लाख केल्विन), तप्त वायूसाठी लोह-१५ची २८४.१६ (सुमारे २२ लाख केल्विन).
- घनतेसाठी लोह-१३च्या २०२.०४ आणि २०३.८३.
- मूलद्रव्यांच्या प्रमाणासाठी सिलिकॉन-१०ची २५८.३७ आणि गंधक-१०ची २६४.२३.

सॉफ्टवेअर म्हणून ईआयएसपॅक हे पायथॉनमधलं पॅकेज आणि कियांती हा अणुभौतिकीचा डेटाबेस पुरेसा आहे. कियांतीची आवृत्ती वहीत टिपून ठेवा. आवृत्ती बदलली की घनतेचे आकडे थोडे हलतात, आणि महिन्याभराने ते का हलले याचा पत्ता लागत नाही.

सावध: वर्णपटशास्त्रात लोह-१२ म्हणजे ११ इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह. लोह-१ हा उदासीन अणू असतो. सौर वाऱ्याच्या थेट मोजणीत मात्र आयनावरचा विद्युतभारच लिहितात. दोन्हीकडचे तक्ते शेजारी ठेवताना इथे एकाचा फरक पडतो, आणि तो सहजी लक्षात येत नाही.

## २. रास्टर निवडणं

ईआयएसची फट सूर्यावर एका वेळी एक उभी पट्टी पाहते. फट थोडी थोडी सरकवत, सहसा पश्चिमेकडून पूर्वेकडे, पूर्ण चित्र जुळवलं जातं. याला रास्टर म्हणतात. एका जागी ६० सेकंद आणि १२० जागा धरल्या तर पूर्ण रास्टरला दोन तास लागतात. म्हणजे नकाशाचा उजवा आणि डावा काठ एकाच वेळचे नसतात. मधेच एखादी ज्वाला उठून गेली असेल तर ती नकाशात एका उभ्या पट्टीपुरती दिसेल. तिला रचना समजू नका.

निवडताना चार गोष्टी पाहा. फट १ किंवा २ आर्कसेकंदांची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) हवी. ४० आणि २६६ आर्कसेकंदांच्या रुंद फटींत प्रतिमा आणि वर्णपट एकमेकांत मिसळतात, त्यातून वेग काढण्याच्या फंदात पडू नका. दुसरं, हव्या त्या सगळ्या रेषा त्या निरीक्षणात आहेत ना? टेलिमेट्री मर्यादित असल्यामुळे बहुतेक वेळा पूर्ण वर्णपट खाली पाठवत नाहीत, निवडक खिडक्याच, म्हणजे ठरावीक रेषांभोवतीचे तरंगलांबीचे छोटे तुकडेच, पाठवतात. तिसरं, रेषा खिडकीच्या अगदी काठाला तर नाही? तशी असेल तर एका बाजूची पार्श्वभूमी मिळत नाही आणि गाउसियन तिकडे झुकतो. चौथं, तारीख. साधारण मे ते ऑगस्ट या काळात हिनोदे प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या सावलीतून जातं. सावलीत शिरताना आणि बाहेर पडताना पृथ्वीचं वातावरण अतिनील किरण शोषतं, आणि तेवढ्या पट्ट्या फिकट येतात. शिकणाऱ्याने हे महिने टाळलेले बरे.

ईआयएसपॅकसाठी प्रत्येक रास्टरच्या दोन फायली उतरवाव्या लागतात, एक डेटाची आणि एक हेडरची. फक्त डेटाची फाईल घेऊन काम सुरू करणारे बरेच असतात. तरंगलांबीच्या दुरुस्त्या हेडरच्या फाईलमध्ये असतात, त्यामुळे दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

पडताळा: पुढे जाण्याआधी प्रत्येक खिडकीतला सगळ्या पिक्सेलांचा सरासरी वर्णपट काढून डोळ्यांनी पाहा. रेषा आहे का, शेजारी कोण आहे, तळ सपाट आहे का? या दहा मिनिटांत पुढचे आठ दिवस वाचतात.

## ३. तरंगलांबी सरळ करणं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सावकाश जाऊ.

ईआयएसचा एक पिक्सेल ०.०२२३ अँगस्ट्रॉमचा आहे. १९५.१२ला भागून प्रकाशाच्या वेगाने गुणलं की येतात सेकंदाला सुमारे ३४ किलोमीटर. आपल्याला मोजायचे असतात १० ते ३० किमी/सेचे वेग, म्हणजे एका पिक्सेलहून कमी. गाउसियनचं केंद्र पिक्सेलच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत सांगता येतं म्हणून हे मोजमाप जमतं. पण पिक्सेलभर चूक कुठूनही शिरली तर मोजायची गोष्टच बुडते.

आणि ती शिरतेच. हिनोदे सुमारे ९८ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालतं. त्या काळात उपकरणाचं तापमान बदलतं आणि संपूर्ण वर्णपट शोधकावर पुढे-मागे सरकतो. ही सरक पिक्सेलभर किंवा त्याहून जास्तही असते. दुरुस्ती केली नाही तर नकाशावर निळे-तांबडे उभे पट्टे आलटून पालटून दिसतात. दुसरी गोष्ट, फट शोधकावर किंचित कलती पडते, त्यामुळे वरच्या आणि खालच्या टोकाला तीच रेषा वेगळ्या ठिकाणी उमटते. दोन्ही दुरुस्त्या ईआयएसपॅक हेडरमधून घेऊन लावतं. तुम्ही डेटा स्वतःच्या पद्धतीने वाचत असाल तर त्या तुम्हालाच लावाव्या लागतील.

क्रम मोडू नका: आधी दुरुस्ती, मग पिक्सेलांची बेरीज. करोनल होलसारख्या (खुल्या क्षेत्ररेषांच्या भागासारख्या) अंधुक जागी फोटॉन कमी पडतात, म्हणून ३ बाय ३ किंवा ५ बाय ५ पिक्सेलांचे वर्णपट एकत्र करणं योग्यच आहे. पण दुरुस्तीआधी एकत्र केलेत तर वेगवेगळ्या ठिकाणच्या रेषा एकमेकींवर पडून खोटी रुंदी तयार होते. नंतर ती काढून टाकायला काही उपाय नाही.

पडताळा: शांत भागातल्या प्रत्येक उभ्या पट्टीचा सरासरी वेग काढून वेळेसमोर मांडा. ९८ मिनिटांची लाट शिल्लक दिसत असेल तर दुरुस्ती अपुरी आहे. त्या लाटेला वळण बसवून ते वजा करा.

## ४. गाउसियन बसवणं

लोह-१२ची १९५.१२ ही ईआयएसची सगळ्यात ठळक रेषा, म्हणून सगळे तीच घेतात. तिच्या शेजारी १९५.१८ला त्याच आयनाची दुसरी रेषा लपलेली आहे. घनता वाढली की ही दुसरी रेषा तुलनेने वाढते. एकच गाउसियन बसवलात तर दाट भागात रेषा रुंद झालेली आणि किंचित तांबड्याकडे सरकलेली दिसेल, आणि तुम्ही त्याला वायूची हालचाल समजाल. दोन गाउसियन घ्या. त्यांच्यातलं अंतर ०.०६ अँगस्ट्रॉमवर बांधा आणि रुंदी दोघांना एकच ठेवा. ईआयएसपॅकमध्ये यासाठी दोन घटकांचा तयार साचा आहे. रुंदीचं काम मात्र १९२.३९वरच करा. १९५.१२च्या रुंदीवर माझा भरवसा नाही.

वर जाणाऱ्या वायूच्या जागी रेषेचा निळा पंख बऱ्याचदा लांबलेला असतो. मुख्य रेषा सेकंदाला १० ते ३० किलोमीटर सरकलेली, आणि पंखात १०० किमी/सेच्या वर धावणारा अंधुक भाग. एकच गाउसियन या दोघांची सरासरी सांगतो. दुसरा घटक घालायचा की नाही ते उरलेल्या फरकाच्या आलेखावरून ठरवा. फरक निळ्या बाजूला सलग अनेक पिक्सेल धन येत असेल आणि त्रुटीच्या दुप्पट-तिप्पट असेल तरच घाला. घटक वाढवला की काय-स्क्वेअर (जुळणीतल्या एकूण फरकाचं माप) नेहमीच कमी होतो, ते कारण पुरेसं नाही.

वेगाचे नकाशे काढून मग त्यांची सरासरी घेणं आणि वर्णपटांची बेरीज करून मग वेग काढणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंधुक भागात पहिली पद्धत वाईट बसलेल्या पिक्सेलांना चांगल्यांइतकंच वजन देते. दुसरीच वापरा.

पडताळा: गाउसियनचं केंद्र किंवा रुंदी तुम्ही दिलेल्या मर्यादेला जाऊन चिकटली आहे असे पिक्सेल वेगळे काढा. ते पिक्सेल बसलेलेच नाहीत. नकाशात त्यांना रंग देऊ नका, पांढरे सोडा.

## ५. वेगाचं शून्य कुठे?

ईआयएसमध्ये तरंगलांबी ताडून पाहायला दिवा नाही. कियांतीतली तरंगलांबी थेट शून्य मानणं म्हणजे उपकरणाची सगळी सरक वेगात घालणं. प्रचलित मार्ग दोन. रास्टरमधल्या शांत भागाची सरासरी शून्य धरायची, किंवा कडेबाहेरच्या करोनात दृष्टिरेषेवरच्या हालचाली एकमेकींना रद्द करतात असं मानून ते शून्य धरायचं. पहिल्या मार्गात एक मेख आहे. शांत करोनाही पूर्ण स्थिर नसतो, तिथे काही किमी/सेचं सरकणं असतंच. म्हणून तुमच्या वेगावर किमान तेवढी अनिश्चितता लिहा, मग गाउसियनने दिलेली त्रुटी कितीही लहान असो.

शून्य ज्या भागावरून घेतलं तो चौकोन नकाशावर आखून दाखवा. सक्रिय क्षेत्रच रास्टरभर पसरलं असेल आणि शांत भाग उरलाच नसेल, तर ते रास्टर वेगासाठी सोडून द्या. सगळ्या चित्राची सरासरी शून्य धरणं हा पर्याय नाही, कारण तसं केल्यावर निम्मं चित्र निळं आणि निम्मं तांबडं होणारच.

सावध: आपण मोजतो तो दृष्टिरेषेवरचा वेग. क्षेत्र बिंबाच्या मध्यावर असताना उभा प्रवाह पूर्ण दिसतो, कडेकडे गेलं की तोच प्रवाह मंदावल्यासारखा वाटतो. दोन दिवसांच्या नकाशांची तुलना करताना 'प्रवाह ओसरला' असं लिहिण्याआधी क्षेत्र किती अंश सरकलं ते पाहा.

आता तोच नकाशा लोह-८मध्येही काढा. १०९७८सारख्या क्षेत्रांत जिथे लोह-१२ निळं दिसतं, तिथे किंवा अगदी शेजारी थंड रेषा तांबड्या दिसतात. थंड वायू खाली येत असतो आणि तप्त वायू वर जात असतो. फक्त एका आयनाचा नकाशा दाखवून 'वायू वर जातो' म्हणणं म्हणून अपुरं ठरतं.

## ६. रुंदीतून खळबळ

रेषेची रुंदी तीन गोष्टींची बनलेली असते: उपकरण, उष्णता आणि बाकीची खळबळ. त्यांची बेरीज वर्गांनी होते, त्यामुळे वजाबाकीही वर्गांनीच करायची. एक उदाहरण पूर्ण सोडवू.

समजा अर्ध्या उंचीवरची मोजलेली रुंदी ०.०७० अँगस्ट्रॉम आली. १ आर्कसेकंदाच्या फटीसाठी उपकरणाची रुंदी ०.०५६ धरू. १६ लाख केल्विनला लोहाची उष्णतेने येणारी रुंदी १९५ अँगस्ट्रॉमजवळ ०.०२३५ भरते. वर्गांची वजाबाकी करून मूळ काढलं की उरतात ०.०३५ अँगस्ट्रॉम, म्हणजे सेकंदाला सुमारे ५३ किमी. हे अर्ध्या उंचीवरच्या पूर्ण रुंदीचं माप झालं. खळबळीचा वेग म्हणून सांगतात त्यासाठी याला १.६६५ने भागायचं, उत्तर ३२ किमी/से.

उपकरणाची रुंदी वजा करायला विसरलात तर याच आकड्यांतून ६१ किमी/से येतात. जवळजवळ दुप्पट. आणि १.६६५ने भागायचं राहिलं तर तिसरंच उत्तर. दोन प्रबंधांतले आकडे जुळत नाहीत तेव्हा आधी हे दोन गुणक तपासावेत.

उपकरणाची रुंदी फटीच्या सगळ्या लांबीवर सारखी नसते आणि १ व २ आर्कसेकंदांच्या फटींना वेगळी असते. एकच आकडा सगळ्या नकाशाला लावला तर वरून खाली हळूहळू बदलणारी खळबळ दिसते, जी सूर्यावर नाही.

## ७. घनता

लोह-१३च्या २०३.८३ आणि २०२.०४ या रेषांच्या तेजाचं गुणोत्तर घनतेबरोबर झपाट्याने वाढतं. कियांतीतून गुणोत्तर आणि घनतेचा आलेख काढा आणि तुमचं गुणोत्तर त्यावर वाचा. दोन्ही रेषा एकाच शोधकावर जवळजवळ असल्याने संवेदनशीलतेतली चूक इथे फारशी नडत नाही, ही मोठी सोय आहे.

अडचण आहे ती २०३.८३ची. ती मुळातच दोन रेषांची मिळून बनलेली आहे, आणि डावीकडे २०३.७३ला लोह-१२ची रेषा चार-पाच पिक्सेलांवर उभी आहे. तिला वेगळा गाउसियन दिला नाही तर तिचं तेज लोह-१३मध्ये जमा होतं आणि घनता फुगते.

साधारण अपेक्षा अशी: करोनल होलमध्ये घन सेंटिमीटरला १० कोटी इलेक्ट्रॉनच्या आसपास, वर जाणाऱ्या वायूच्या जागी काही दशकोटी, सक्रिय क्षेत्राच्या गाभ्यात १ अब्ज किंवा जास्त. प्रवाहाच्या जागी गाभ्याहून जास्त घनता आली तर बहुधा २०३.७३ नीट सुटलेली नाही.

## ८. मूलद्रव्यांचं प्रमाण

सौर वाऱ्याचा माग काढायला वेगापेक्षा ही खूण भरवशाची, कारण वेग वाटेत बदलतो आणि प्रमाण बदलत नाही. ज्या मूलद्रव्यांची पहिली आयनीभवन ऊर्जा सुमारे १० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली आहे, ती करोनाच्या बऱ्याच भागांत फोटोस्फिअरच्या मानाने जास्त सापडतात. याला फिप परिणाम म्हणतात; फिप म्हणजे हीच, अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा. सिलिकॉन ८.१५वर, गंधक १०.३६वर. करोनल होलमधून येणाऱ्या वेगवान वाऱ्यात ही वाढ नाममात्र असते, मंद वाऱ्यात साधारण तिप्पट.

फक्त दोन रेषांचं गुणोत्तर घेऊन उत्तर काढता येत नाही. सिलिकॉनची २५८.३७ घनतेवर अवलंबून आहे, आणि दोन्ही रेषांचं तापमानाशी नातंही तंतोतंत सारखं नाही. क्रम असा ठेवा:

१. सातव्या टप्प्यातली घनता ठरवा आणि पुढे तीच वापरा.
२. लोह-८ ते लोह-१६ यांच्या अनेक रेषांवरून तापमानानुसार वायूची वाटणी, म्हणजे डीईएम, काढा.
३. लोह आणि सिलिकॉन दोन्ही कमी फिपची असल्याने तीच वाटणी सिलिकॉनच्या रेषेला जुळेल अशी गुणकाने जुळवून घ्या.
४. त्या वाटणीवरून गंधकाची रेषा किती तेजस्वी दिसायला हवी ते काढा.
५. अपेक्षित तेजाला प्रत्यक्ष तेजाने भागा. तो तुमचा फिप गुणक.

या ठिकाणी दोन शोधकांचा प्रश्न येतो. लोहाच्या बहुतेक रेषा लघु पट्ट्यात आहेत, सिलिकॉन आणि गंधक दीर्घ पट्ट्यात. दोन पट्ट्यांची संवेदनशीलता काळानुसार सारखी घसरलेली नाही. उड्डाणापूर्वीचं कॅलिब्रेशन (संवेदनशीलतेचं मोजमाप) तसंच वापरलंत तर उत्तरात तारखेप्रमाणे बदलणारी चूक येते. नंतर प्रसिद्ध झालेली सुधारित कॅलिब्रेशन वापरा, शक्य असल्यास दोन वेगवेगळी, आणि उत्तर किती हलतं ते नोंदवा. शिवाय दोन शोधकांवरच्या प्रतिमा उभ्या दिशेने १५ ते २० पिक्सेल सरकलेल्या असतात. ती सरक न लावता केलेला फिपचा नकाशा म्हणजे एका जागेचं सिलिकॉन दुसऱ्या जागेच्या लोहाशी जुळवलेलं असतं.

सावध: गंधक सीमेवरचं मूलद्रव्य आहे. काही परिस्थितींत ते कमी फिपच्या मूलद्रव्यांसारखं वागतं. गुणक १च्या जवळ आला म्हणजे फिप परिणाम नाहीच, असं लगेच लिहू नका.

१०९७८च्या प्रवाहांसाठी डेव्हिड ब्रूक्स आणि हॅरी वॉरन यांनी २०११मध्ये ही पद्धत वापरून साधारण ३ ते ४चा गुणक दिला. तुमचं उत्तर १ किंवा १० आलं तर आधी उभी सरक, मग कॅलिब्रेशन, मग घनता, या क्रमाने मागे जा.

## ९. कडेच्या वर: वारा वेग कुठे घेतो

ईआयएस मुख्यतः करोनाचा तळ दाखवतो. वारा वेग घेतो त्या उंचीसाठी सोहो यानावरच्या यूव्हीसीएस या अतिनील वर्णपटमापकाचा १९९६ ते २०१३चा संग्रह आहे, सूर्यकेंद्रापासून दीड ते दहा सौर त्रिज्यांपर्यंतचा. तिथे १०३२ आणि १०३७ अँगस्ट्रॉमची ऑक्सिजन-६ची जोडी वापरतात.

या उंचीवरचे आयन दोन कारणांनी चमकतात: इलेक्ट्रॉनच्या धडकेने आणि खालून आलेला प्रकाश विखुरल्याने. नुसत्या धडकेत जोडीचं गुणोत्तर २ असतं, नुसत्या विखुरण्यात ४. आयन सूर्यापासून दूर धावू लागले की खालचा प्रकाश त्यांना तांबड्याकडे सरकलेला दिसतो, विखुरणं घटतं आणि गुणोत्तर २कडे उतरतं. पुढे सुमारे १७० किमी/सेला कार्बन-२ची एक रेषा नेमकी १०३७वर येऊन पडते आणि फक्त तिलाच चमकवते, मग गुणोत्तर २च्याही खाली जातं. सुमारे ३७० किमी/सेला शेजारची दुसरी कार्बन रेषा तेच करते.

नेहमीची चूक म्हणजे गुणोत्तर मोजून थेट तक्त्यातून वेग वाचणं. इलेक्ट्रॉनची घनता आणि आयनांच्या वेगांचा पसारा माहीत असल्याशिवाय हे गुणोत्तर वेग सांगत नाही. ध्रुवीय करोनल होलमध्ये ऑक्सिजनच्या रेषा इतक्या रुंद आढळल्या, की क्षेत्ररेषांच्या काटकोनातलं त्यांचं तापमान १० कोटी केल्विनच्या वर भरतं, तर क्षेत्ररेषांच्या दिशेने ते बरंच कमी आहे. सगळ्या दिशांना सारखं तापमान गृहीत धरलंत तर वेग वेगळाच येतो. म्हणून आधी रुंदी, मग पांढऱ्या प्रकाशातून घनता, आणि शेवटी गुणोत्तर.

## १०. पृथ्वीजवळच्या वाऱ्याशी जोडणी

आधी चित्र जागेवर आणा. ईआयएसचे निर्देशांक काही आर्कसेकंद चुकलेले असू शकतात. लोह-१२चा नकाशा १९३ किंवा १९५ अँगस्ट्रॉमच्या प्रतिमेवर सरकवून जुळवा. २००७च्या डेटासाठी एआयए या दुर्बिणीची प्रतिमा मिळणार नाही, कारण ती ज्यावर आहे ते एसडीओ यान २०१०मध्ये अवकाशात गेलं. तेव्हा सोहोवरची ईआयटी ही दुर्बीण वापरा.

मग उलटा प्रवास. १५ कोटी किलोमीटर ४०० किमी/सेने कापायला सुमारे सव्वाचार दिवस लागतात, ६०० किमी/सेने तीन दिवसांहून थोडं कमी. पृथ्वीजवळ सौर वारा मोजणाऱ्या एसीई यानाने मोजलेला वेग घ्या, तेवढे दिवस मागे जा, आणि त्या दिवशी सूर्याच्या मध्य रेखावृत्तावर काय होतं ते पाहा. वाटेत वेग कायम राहिला असं यात धरलेलं आहे, म्हणून दहा-एक अंशांची चूक गृहीत धरा. तिथून खाली पीएफएसएससारख्या चुंबकीय प्रतिमानाने क्षेत्ररेषा उतरवा.

१०९७८मध्ये नेमकं इथेच शिकण्यासारखं आहे. कडेचे प्रवाह ठळक, फिप गुणक मंद वाऱ्यासारखा, काही दिवसांनी पृथ्वीजवळ मिळतंजुळतं प्रमाण. पण प्रतिमान सांगतं की क्षेत्र मोठ्या स्ट्रीमरच्या (करोनातल्या लांब, टोकदार रचनेच्या) बंद कमानींखाली झाकलेलं आहे, तिथून सरळ बाहेर जायला वाट नाही. वायू बाहेर पडला असेल तर आधी बंद रेषांची खुल्या रेषांशी अदलाबदल व्हावी लागते, आणि अभ्यासकांनी तसा दोन पायऱ्यांचा मार्ग सुचवला आहे. म्हणून अहवालात 'वर जाणारा प्रवाह' आणि 'बाहेर जाणारा प्रवाह' हे दोन वेगळे दावे ठेवा. पहिल्याचा पुरावा डॉप्लर, म्हणजे वेगामुळे रेषेचं सरकणं, देतं. दुसऱ्याला खुल्या रेषा आणि जुळणारं प्रमाण, दोन्ही लागतात.

एसीईचा रचनेचा (मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा) डेटा घेताना ऑगस्ट २०११च्या आधीचा आणि नंतरचा एकाच आलेखात मिसळू नका. उपकरणात बिघाड झाल्यावर त्याची प्रक्रिया बदलली आहे. २०२४पासूनच्या तारखांसाठी वाऱ्याचा वेग आणि प्रोटॉन-हेलियमची मोजणी आदित्य-एल१वरच्या अ‍ॅस्पेक्स या उपकरणातूनही घेता येते. इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर नोंदणी केली की डेटा उतरवता येतो.

शेवटचा पडताळा: तारीख चार दिवस पुढे आणि चार दिवस मागे सरकवून हीच जोडणी पुन्हा करा. चुकीच्या तारखांनाही प्रमाण तितकंच छान जुळत असेल, तर तुमच्या जुळणीतून उगम ठरत नाही, आणि अहवालात तसंच लिहा.